बोंडू, भाटी आणि फजिती

मार्च ते मे हा काजूचा हंगाम. सिंधुदुर्गात बी विकली जाते. तिच्याहून कितीतरी पटींनी जड असलेला रसाळ बोंडू, म्हणजे काजूचं फळ, मात्र बहुतेक बागांत झाडाखालीच सडतो. दिवसभरात तो आंबायला लागतो, मग लांबच्या बाजाराला कसा न्यायचा? पलीकडे गोव्यात त्याचीच फेणी ही दारू होते. २००९ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं.

फेणी गाळायचं काम वाटतं तितकं सोपं नाही. आपोआप गळालेला पिकला बोंडूच घ्यायचा, तुडवून रस काढायचा, दोन-तीन दिवस आंबवायचा आणि भाटीवर, म्हणजे दारू गाळायच्या भट्टीवर, चढवायचा. पहिल्या धारेला उतरतो हुर्राक. तो पुन्हा भाटीवर चढवला की फेणी. भाटीचं तोंड वारुळाच्या मातीने लिंपतात. लिंपण तडकलं की वाफ निसटते, माल हवेत जातो आणि वाडीभर घमघमाट! जाळ भडकला तर फेस उसळून कच्चा रसच धारेत उतरतो, अख्खी खेप वाया. नवशिक्यांची फजिती होते ती इथेच.

हे कसब शिकलं तरी महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय भाटी लावणं गुन्हा आहे. छोट्या बागायतदाराला परवडेल असा परवाना सरकारने आता द्यायलाच हवा.