कान ठणठणीत, तरी ‘काय म्हणालास?’

गाडी, साडी, काडी, वाडी, माडी, नाडी, झाडी.

हे सात शब्द एका कागदावर लिहून घ्या. पंखा फुल्ल लावा, जमलं तर टीव्हीही लावा. मित्राला खोलीच्या दुसऱ्या टोकाला भिंतीकडे तोंड करून उभं करा. आता सातांतला कुठलाही एक शब्द नेहमीच्या आवाजात म्हणा. ओरडायचं अजिबात नाही. काय ऐकू आलं ते तो सांगेल. तुम्ही साडी म्हणाल, तो गाडी म्हणेल. तुम्ही नाडी म्हणाल, तो छातीठोकपणे माडी म्हणेल. मग भांडणं होतील, ती मिटवा आणि पुढे वाचा.

चुकलं कुठं? ‘आडी’ एवढं त्याला बरोबर कळलं. हरवला तो सुरुवातीचा ग, स नाहीतर न. त्याचं कारण असं की स्वर दणकट असतात. ‘आ’ तुम्ही दम संपेपर्यंत ताणू शकता. ‘क’ ताणून दाखवा बरं! क-त-प ही मंडळी सेकंदाच्या दहाव्या भागातसुद्धा आरामात मावतात, आणि आवाजही त्यांचा बारीक. गोंगाट आधी त्यांनाच गिळतो. गंमत म्हणजे शब्दाचा अर्थ बहुतेक वेळा त्यांच्यावरच अवलंबून असतो.

तरी रोजच्या बोलण्यात आपलं अडत नाही. ‘आईनं नवी ...आडी नेसली’ एवढंच ऐकू आलं, तरी गाडी कुणी नेसत नाही हे मेंदूला माहीत असतं. गाळलेली जागा तो आपली आपण भरून टाकतो. तुम्हाला विचारतसुद्धा नाही.

काही मुलांच्या मेंदूला ही जागा इतक्या झटपट भरता येत नाही. आजचा लेख त्यांच्याबद्दल.

समजा, धाराशिव जिल्ह्यातल्या एखाद्या शाळेतला सहावीचा वर्ग आहे. वर पत्रे, खाली शहाबादी फरशी, चारी बाजूंना कोऱ्या भिंती. शेजारच्या वर्गात सतराचा पाढा चाललाय. बाई म्हणतात, “वह्या काढा, तारीख टाका, पान सत्तेचाळीसवरचा तिसरा प्रश्न सोडवा, आणि झालं की हात धुऊन डब्याला बसा.” सगळे वह्या काढतात. एक मुलगी तेवढी उठते आणि नळाकडे निघते. वर्ग खदखदून हसतो. “कानात बोळे घातलेत का गं?”

बोळे नाहीत. बाईंचा आवाज तिला तुमच्याइतकाच ऐकू आला होता. पण पहिला तुकडा समजून घेईपर्यंत दुसरा आला, दुसऱ्याच्या मागे लागेपर्यंत तिसरा, आणि हातात राहिलं ते शेवटचं: हात धुऊन डब्याला बसा. दुसऱ्या दिवशी ती सत्तेचाळीसऐवजी सदतीस नंबरचं पान उघडेल. मराठी आकड्यांनी तर अशा मुलांचा छळच मांडलाय. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास... कुणी ठेवली असतील ही नावं! इतिहासात ‘ध’चा ‘मा’ झाला तो एकदाच, आणि त्याचं खापर आनंदीबाईंवर फुटलं. या मुलीच्या डोक्यात तो दिवसातून वीस वेळा होतो आणि खापर तिच्याच डोक्यावर फुटतं.

या अडचणीचं नाव ऑडिटरी प्रोसेसिंग डिसऑर्डर. लांबलचक आहे, म्हणून सगळे एपीडी म्हणतात. आवाज कानात शिरतो ठीकठाक, पण त्याचा अर्थ लावण्याचं काम मेंदूत अडखळतं.

त्यामुळे होतं काय, की घरचे तिला कान तपासायला नेतात. हेडफोन लावून शांत खोलीत बसवतात. टुंग वाजलं की बटण दाबायचं. टुंग वाजतं, ती बटण दाबते. एकही चुकत नाही. डॉक्टर म्हणतात, कान उत्तम आहेत. घरच्यांना हायसं वाटतं आणि बाहेर येईपर्यंत कुणीतरी म्हणतं, “म्हणजे ही मुद्दाम करते तर!” आता तिनं काय करावं?

दोष त्या यंत्राचा नाही. ‘आवाज पोचतो का’ एवढंच ते विचारतं. पोचण्यापर्यंतचं काम कान फार सुरेख करतो. आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखी वळलेली एक नळी असते, उलगडली तर जेमतेम साडेतीन सेंटिमीटर. तिच्यात पंधराएक हजार केसपेशी. नळीच्या सुरुवातीला बारीक, तीक्ष्ण आवाज टिपले जातात, टोकाशी जाड, खर्जातले. तिथून साधारण ३० हजार तंतूंची एक नस मेंदूकडे निघते. पण या नसेतून शब्द जात नाहीत, नुसते विजेचे इवले ठोके जातात. त्यांतून ‘साडी’ तयार करायची ती मेंदूनं.

मेंदूला किती घाई असते ते बघायचंय? दोन बोटं गळ्यावर ठेवा आणि ‘पा’, ‘बा’ असं आलटून पालटून म्हणा. ‘बा’ म्हणताना ओठ उघडायच्या आधीच गळा थरथरतो, ‘पा’ म्हणताना ओठ उघडल्यावर. ओठांनी दोन्ही वेळा तेच केलं. फरक आहे तो सेकंदाच्या काही शतांश भागांचा, आणि तेवढ्यावर मेंदूनं ठरवायचं, समोरचा पाट म्हणतोय की बाट. आपल्याकडे प आणि ब यांच्या जोडीला फ आणि भसुद्धा आहेत, म्हणजे काम दुप्पट.

दुसरं उदाहरण डाव्या-उजव्याचं. उजवीकडून कुणी हाक मारली तर ती उजव्या कानाला आधी पोचते. किती आधी? दोन कानांमधलं अंतर सुमारे २० सेंटिमीटर धरा, आवाजाचा वेग सेकंदाला ३४० मीटर, आणि करा भागाकार. उत्तर येतं सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. तेवढ्या फरकावरून आपण मान बरोबर बाजूला वळवतो. आणि हाक मारणाऱ्याचा आवाज एका बाजूला, बाकीचा गलबला दुसऱ्या बाजूला अशी विभागणीही मेंदू याच हिशेबावर करतो. एपीडी असलेल्या कुणाला प-ब अवघड जातो, कुणाला ही विभागणी, कुणाला लांबलचक सूचना लक्षात ठेवणं. सगळ्यांचं सारखं नसतं.

हे सगळं डॉक्टरांच्या लक्षात आलं तेही जरा उशिराच. १९५४ साली इटलीतले एटोरे बोक्का आणि त्यांचे सहकारी काही रुग्ण तपासत होते. या रुग्णांच्या मेंदूत, कानशिलामागच्या भागात गाठ होती. टुंग ऐकण्याच्या परीक्षेत ते पास होत. मग बोक्कांनी त्यांना मुद्दाम बिघडवलेलं, घुसमटलेलं बोलणं ऐकवलं. गाठ ज्या बाजूला, तिच्या उलट बाजूच्या कानाला ते नीट उमगेना! कान शाबूत, तरी समजण्यात घोळ असू शकतो, हे तिथं स्पष्ट झालं. (घाबरू नका. एपीडी असलेल्या मुलांच्या डोक्यात गाठ वगैरे सहसा नसते. बहुतेक वेळा कारण सापडतच नाही.)

त्याच्या आदल्याच वर्षी, १९५३ मध्ये, इंग्लंडमधल्या कॉलिन चेरी नावाच्या शास्त्रज्ञानं लोकांच्या दोन कानांत एकाच वेळी दोन वेगळी भाषणं सोडली. एका कानातलं भाषण मोठ्यानं म्हणत राहायचं होतं. ते जमलं. पण दुसऱ्या कानातला माणूस मध्येच इंग्रजी सोडून जर्मन बोलायला लागला, तरी ऐकणाऱ्यांना पत्ता लागला नाही. म्हणजे ऐकणं हे निवडणंही आहे.

याची छोटी आवृत्ती तुम्ही वर्गात करू शकता. एकाला मध्ये बसवा, दोघं दोन्ही कानांशी. एक-दोन-तीन म्हणून दोघांनी एकाच क्षणी वेगवेगळा आकडा म्हणायचा, हळू आवाजात. मधल्यानं दोन्ही सांगायचे. दहा वेळा करा आणि कुठल्या कानाचे जास्त बरोबर आले ते लिहून ठेवा. डोरीन किमुरा या कॅनडातल्या शास्त्रज्ञ बाईंनी १९६१ मध्ये दाखवलं की बहुतेकांचा उजवा कान जिंकतो, कारण तो मेंदूच्या डाव्या भागाशी जास्त घट्ट जोडलेला असतो आणि भाषेचं बरंचसं काम तिथं चालतं. आजही एपीडी ओळखायला अशा दोन कानांच्या चाचण्या वापरतात. साधारण वयाच्या सातव्या वर्षानंतर. त्याआधी सगळ्यांचाच मेंदू ऐकायला शिकत असतो.

आपल्या देशात या विषयावर खूप काम झालं ते म्हैसूरच्या ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ स्पीच अँड हिअरिंगमध्ये. तिथल्या आशा यतिराज यांनी शिक्षकांसाठी १२ प्रश्नांची एक यादी तयार केली. यंत्र नको, शांत खोली नको. मुलाला रोज बघणाऱ्या शिक्षकानं हो-नाही लिहायचं, आणि बरेच ‘हो’ आले तर पुढची तपासणी. मला ही यादी फार आवडते, कारण ती ‘पोरगं लक्ष देत नाही’ यावर थांबत नाही. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ पासूनची, तिथं ऐकण्याबोलण्याच्या अडचणींचे तज्ज्ञ आहेत. पण उमरग्याहून किंवा परांड्याहून मुंबई म्हणजे रात्रभराचा प्रवास. त्याआधी एक जवळचा रस्ता बघा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं ना, वजन-उंची, डोळे, दात बघायला? त्यांच्या यादीत ऐकण्याच्या आणि शिकण्याच्या अडचणीही असतात. त्यांना नुसतं ‘कमी ऐकू येतं’ म्हणून सांगू नका. ‘ऐकू येतं, पण गोंगाटात कळत नाही’ असं सांगा. या एका वाक्यानं तपासणीची दिशा बदलते.

सरकारी नियमांचं मात्र अजून थोडं त्या टुंगवाल्या यंत्रासारखंच आहे. अपंगत्वाच्या २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यांत श्रवणदोष डेसिबलमध्ये मोजतात, दोन्ही कानांत किमान ६० डेसिबलची घट हवी. एपीडीवाल्यांची घट शून्य! एपीडी असं वेगळं नाव त्या यादीत नाही.

तुम्हाला त्या सहावीतल्या मुलीच्या जागी उभं राहून बघायचंय? पावसाळ्यात नळदुर्गला जा. किल्ल्यात बोरी नदीवर बंधारा आहे, इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या काळातला, आणि त्या बंधाऱ्याच्या पोटात पाणी महाल. नदी भरली की नर आणि मादी असे दोन धबधबे वरून कोसळतात आणि तुम्ही आत कोरडे. समोर पाण्याचा पडदा, कानात नुसता घुमारा. तिथं उभं राहून शेजाऱ्याला म्हणा, “पाण्याची बाटली दे.” तो ‘काय?’ म्हणेल, मग तुमच्या ओठांकडे बघेल, मग तुम्ही हातानं बाटलीची खूण कराल. पाच मिनिटांत दोघांचीही डोकी भणभणतील. आता पुन्हा त्या वर्गातल्या मुलीकडे बघा. पंखा, पाढा आणि पत्र्यावरचा पाऊस एकत्र आले की ती रोज सहा तास पाणी महालात बसलेली असते. संध्याकाळी ती चिडचिडी का होते, हा प्रश्न पडायला नको.

पण पाणी महालात तुम्ही काय केलंत ते आठवा. कुणी न शिकवता ओठ बघितलेत, हात वापरलेत. एपीडीवर कामी येणारे उपाय बरेचसे असेच आहेत. पहिल्या बाकावर बसणं. बाईंनी फळ्याकडे तोंड करून न बोलणं. आकडा बोलायचा आणि लिहायचाही. चार सूचना एका दमात न सांगता एकेक सांगणं. कळलं नाही तर तेच वाक्य मोठ्यानं न ओरडता वेगळ्या शब्दांत सांगणं. खाली सतरंजी आणि भिंतीवर कापडी तक्ते असले तर वर्ग कमी घुमतो, याचा फायदा तर सगळ्यांनाच. काही ठिकाणी शिक्षकांच्या गळ्यात छोटा माइक आणि मुलाच्या कानात त्याचा आवाज, अशी सोय करतात.

आणि खो-खो! आपला धाराशिव जिल्हा तर या खेळाचा. भारतीय महिला संघाच्या कर्णधार राहिलेल्या, २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळवणाऱ्या सारिका काळे इथल्याच. या खेळाचा नियम नीट बघा. पाटीवर बसलेल्याला मागून येणारा नुसता ‘खो’ ओरडत नाही, पाठीवर हातही लावतो. मैदानावर शिट्ट्या, टाळ्या, ‘पळ पळ’चा गिल्ला चालू असतो, त्यात एक अक्षर हरवायला कितीसा वेळ लागतो? पण पाठीवरची थाप हरवत नाही. वर्गात सारखी ‘काय?’ विचारणारी मुलगी इथं वाऱ्यासारखी उठू शकते, कारण या खेळात सांगणाऱ्यावरही काम टाकलेलं आहे. खांद्याला हात लावून, समोर येऊन मग बोलायचं, एवढं मधल्या सुट्टीत केलं तरी पुष्कळ.

राहिला प्रश्न सोबतीचा. एपीडी दिसत नाही. कानामागे यंत्र नाही, डोळ्यांवर चष्मा नाही. त्यामुळे एकाच शाळेत असे दोघं असले तरी एकमेकांना सापडत नाहीत, आणि प्रत्येकाला वाटतं आपणच तेवढे ठोंबे. न कळताच ‘हो’ म्हणायचं, सगळे हसले की हसायचं, शेजाऱ्याच्या वहीत डोकावायचं, ही कसरत प्रत्येक जण एकट्यानं करत असतो. कधी कधी सोबत घरातच सापडते. मुलाची लक्षणं ऐकता ऐकता वडील म्हणतात, “मला बी असंच हुतंय की. यष्टी स्टँडवर भोंग्यातनं काय सांगतेत, आजवर एकदा कळालं नाही. पाटी बघूनच चढतो मी.” यात नवल नाही. जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासात दिसलंय की दोन कानांतलं वेगवेगळं ऐकण्याची कुवत बरीचशी आईवडिलांकडूनच येते.

तुमच्या वर्गात कोण आहे हे शोधायचं तर ‘तुला एपीडी आहे का’ असं विचारून उपयोग नाही, उत्तर येणार ‘काय?’ त्यापेक्षा गाडी-साडीचा खेळ घ्या आणि मग विचारा, ‘न कळताच “हो बाई” कोण कोण म्हणतं?’ बरेच हात वर येतील. त्यांतल्या बऱ्याच जणांना एपीडी नसेल, कुणाची झोप झालेली नसेल, कुणाचा कान वाहत असेल, तर कुणाला मागच्या बाकावर खरंच ऐकू जात नसेल. चालेल. सगळ्यांनी मिळून एक खूण ठरवा: कानाच्या पाळीला हात लावला की ‘परत सांग, जरा हळू’. बाईंनाही ती आधीच सांगून ठेवा, नाहीतर त्यांना वाटेल, अर्धा वर्ग कान धरून माफी का मागतोय!