गर्दीची वेळ आणि मेट्रोचे भाडे: सवलत कोणाच्या पदरात?

नवी दिल्ली : दिल्ली मेट्रोने २५ ऑगस्ट २०२५ पासून प्रवासभाडे वाढविले. सुमारे आठ वर्षांनी झालेल्या या वाढीमुळे किमान भाडे १० वरून ११ रुपये, तर नेहमीच्या मार्गांवरील कमाल भाडे ६० वरून ६४ रुपये झाले. स्मार्ट कार्डधारकांची सवलत मात्र कायम राहिली. प्रत्येक फेरीवर १० टक्के आणि कमी गर्दीच्या वेळेत आणखी १० टक्के, असे तिचे स्वरूप आहे. यातील दुसरी सवलत नोकरदारांच्या वाट्याला किती येते, हे त्यांच्या कामाच्या वेळेवर ठरते.

वेळेनुसार भाडे कशासाठी?

मेट्रोच्या गाड्या, डबे, फलाट आणि सिग्नल यंत्रणा यांची आखणी दिवसातील सर्वाधिक गर्दी गृहीत धरून केली जाते. सकाळी धावणाऱ्या गाड्यांपैकी काही दुपारी आगारात उभ्या राहतात. त्यांवर झालेला भांडवली खर्च मात्र टळत नाही. काही प्रवासी गर्दीच्या आधी किंवा नंतर निघाले, तर नव्या गाड्या न घेताही डब्यात जागा होते.

लंडनच्या भुयारी रेल्वेत सोमवार ते शुक्रवार सकाळी ६.३० ते ९.३० आणि दुपारी ४ ते ७ या वेळेत साधारणपणे चढे भाडे आकारले जाते. भारतात अधिभाराऐवजी सवलतीचा मार्ग स्वीकारला गेला. बंगळुरू मेट्रोने फेब्रुवारी २०२५ मधील भाडेवाढीच्या वेळी कार्डधारकांसाठी गर्दीच्या वेळेत ५ टक्के, तर इतर वेळेत १० टक्के सवलत ठेवली.

हिशेब काय सांगतो?

दिल्लीत १२ ते २१ किलोमीटरच्या प्रवासाचे भाडे ४० वरून ४३ रुपये झाले. कार्डधारकाला गर्दीच्या वेळी ३८ रुपये ७० पैसे, तर कमी गर्दीच्या वेळी ३४ रुपये ४० पैसे पडतात. फरक ४ रुपये ३० पैशांचा, म्हणजे भाडेवाढीपेक्षा अधिक आहे. महिन्याला ५० फेऱ्या धरल्यास ही बचत २१५ रुपये होते. वेळ बदलू शकणाऱ्याला भाडेवाढीची झळ जवळजवळ लागत नाही. ज्याला ती बदलता येत नाही, त्याला ती पूर्ण सोसावी लागते.

अडचण नेमकी येथेच आहे. कमी गर्दीची वेळ म्हणजे सेवा सुरू झाल्यापासून सकाळी ८ पर्यंत, दुपारी १२ ते ५ आणि रात्री ९ नंतर. उरलेले सकाळचे चार आणि संध्याकाळचे चार तास सवलतीबाहेर राहतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रदूषणामुळे दिल्लीतील शासकीय कार्यालयांच्या वेळा वेगवेगळ्या करण्यात आल्या: महापालिकेसाठी सकाळी ८.३० ते संध्याकाळी ५, केंद्र सरकारसाठी ९ ते ५.३० आणि दिल्ली सरकारसाठी १० ते ६.३०. या तिन्ही वेळांत कार्यालय सुटल्यावर थेट घरी जाणाऱ्याला संध्याकाळची अतिरिक्त सवलत मिळू शकत नाही. सकाळी ती मिळवायची, तर १० वाजताच्या कार्यालयासाठीही ८ च्या आत मेट्रो गाठावी लागते.

इतरत्र काय घडले?

सिंगापूरने जून २०१३ पासून मध्यवर्ती भागातील १६ स्थानकांवर कामाच्या दिवशी सकाळी ७.४५ पूर्वी बाहेर पडणाऱ्यांचा प्रवास मोफत केला. सुमारे ७ टक्के प्रवासी गर्दीच्या वेळेतून आधीच्या वेळेकडे वळले. तेथे पूर्ण भाडे माफ होते. दिल्लीत सवलत दहा टक्क्यांची आहे. याउलट, लंडनमध्ये मार्च ते मे २०२४ या काळात शुक्रवारी दिवसभर कमी भाडे ठेवूनही प्रवासीसंख्येत लक्षणीय वाढ झाली नाही.

निर्णय कोणाचा?

मेट्रो रेल्वे (परिचालन व देखभाल) कायदा, २००२ नुसार केंद्र सरकार भाडे निश्चिती समिती नेमते. उच्च न्यायालयाचे विद्यमान किंवा निवृत्त न्यायाधीश तिचे अध्यक्ष असतात आणि तिच्या शिफारशी मेट्रो प्रशासनावर बंधनकारक असतात. कार्यालये, शाळा आणि कारखाने यांच्या वेळा मात्र या समितीच्या कक्षेत येत नाहीत. त्यामुळे भाड्यातील सवलतीला कामाच्या वेळेतील लवचिकतेची जोड मिळाली नाही, तर तिचा लाभ प्रामुख्याने आपली वेळ स्वतः ठरवू शकणाऱ्यांनाच होईल आणि संध्याकाळी सहाची गर्दी आहे तशीच राहील.