दमाची मोजदाद

एखाद्याची प्रकृती चांगली आहे असे आपण म्हणतो, ते बहुधा त्याचे दंड आणि छाती पाहून. पोट सुटलेले नाही, चेहऱ्यावर तकाकी आहे, वर्षभरात कधी अंथरूण धरले नाही, एवढ्यावर आपण निकाल देऊन मोकळे होतो. पण हेच गृहस्थ तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या व्याह्यांकडे जातात आणि दाराशी पोचल्यावर दोन मिनिटे त्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही. मग त्यांची प्रकृती चांगली म्हणावी की वाईट? व्यायामाच्या शरीरशास्त्राची प्रयोगशाळा या साध्या प्रश्नाचाच विचार करते, आणि तिचे म्हणणे थोडक्यात असे की, इंजिनाची पारख स्टेशनात होत नाही, घाटात होते.

स्नायूंचे काम प्राणवायूवर चालते. काम वाढले की प्राणवायूची मागणी वाढते. स्वस्थ बसलेला माणूस वजनाच्या प्रत्येक किलोमागे मिनिटाला सुमारे साडेतीन मिलिलिटर प्राणवायू खर्च करतो. तो चालू लागला, पळू लागला की हा आकडा चढत जातो. पण तो अमर्याद चढत नाही. ए. व्ही. हिल या इंग्रज शास्त्रज्ञांनी १९२० नंतरच्या काही वर्षांत धावणाऱ्यांच्या पाठीवर पिशवी बांधून त्यांचा उच्छ्वास गोळा केला व तपासला. धावणाऱ्यांत ते स्वतःही होते. एका वेगानंतर माणूस कितीही जोर करो, त्याचे शरीर अधिक प्राणवायू घेऊ शकत नाही, असे त्यांना दिसले. ही जी कमाल मर्यादा, तिलाच आपण व्यवहारात ‘दम’ म्हणतो. बैठे काम करणाऱ्या निरोगी तरुणात ती किलोमागे चाळीसच्या आसपास असते. लांब पल्ल्याच्या नामांकित धावपटूंत सत्तर-ऐंशीपर्यंत जाते.

ही मर्यादा ठरते कशाने? निरोगी माणसात दोष बहुधा फुप्फुसांचा नसतो. हृदय मिनिटाला किती रक्त पुढे ढकलते यावर ती मुख्यतः अवलंबून असते. विसाव्याच्या वेळी हे रक्त सुमारे पाच लिटर असते, कठीण श्रमात वीस लिटरांपर्यंत जाते. नियमित व्यायामाने हृदयाचे ठोके जलद पडू लागतात असे नव्हे, तर प्रत्येक ठोक्यागणिक अधिक रक्त जाते. म्हणूनच कसलेल्या धावपटूची नाडी एरवी आपल्यापेक्षा संथ चालते.

प्रयोगशाळेत माणसाला फिरत्या पट्ट्यावर चालवितात, नाकातोंडावर मुखवटा बसवितात, आणि हृदयाचा आलेख व रक्तदाब पाहत हळूहळू वेग व चढ वाढवितात. हृदयरोग्यांसाठी अमेरिकेतील डॉ. रॉबर्ट ब्रूस यांनी दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ वाढविण्याची पद्धत १९६३ मध्ये प्रसिद्ध केली. ती आजही रुग्णालयांत वापरतात. स्वस्थ पडलेल्या माणसाच्या आलेखात जे दिसत नाही, ते पुष्कळदा या चढावर उघड होते.

यंत्रांवाचूनही काही कळते. हार्वर्ड विद्यापीठात १९२७ ते १९४७ पर्यंत श्रम आणि थकवा यांचा अभ्यास करणारी एक प्रयोगशाळा होती. तेथील संशोधकांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तरुणांसाठी एक कसोटी बसविली. वीस इंच उंचीच्या बाकावर मिनिटाला तीस वेळा, असे पाच मिनिटे चढउतार करावयाचे. मग खाली बसून एक, दोन व तीन मिनिटांनंतर प्रत्येकी अर्धा मिनिट नाडी मोजावयाची. समजा ठोके ७०, ६० आणि ५० भरले. बेरीज १८०, तिची दुप्पट ३६०. श्रमाच्या ३०० सेकंदांना शंभराने गुणून ३६० ने भागले की ८३ येतात. ऐंशीच्या वर चांगले, पंचावन्नच्या खाली कच्चे. येथे मोजले जाते ते नाडी किती चढली एवढेच नव्हे, तर किती लवकर उतरली हे. मात्र ही कसोटी धडधाकट तरुणांसाठी आहे. चाळिशी उलटलेल्यांनी, अथवा छातीत दुखत असेल त्यांनी, डॉक्टरांना विचारल्यावाचून ती घरी करून पाहू नये.

आता या मोजदादीचे फळ काय? अमेरिकेत डॅलस येथे १९६६ मध्ये वीस वर्षांच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर निजवून ठेवले. त्यांची प्राणवायू घेण्याची कमाल शक्ती चौथ्या हिश्श्याहून अधिक घटली. तीस वर्षांनी, १९९६ मध्ये, त्याच पाचांना पुन्हा तपासले. तीस वर्षांच्या वयाने त्यांचे जितके नुकसान केले होते, त्याहून अधिक त्या तीन आठवड्यांच्या अंथरुणाने केले होते! पुढे सहा महिने चालणे, हळू पळणे, सायकल चालविणे असा बेताबेताने वाढविलेला व्यायाम केल्यावर त्यांची शक्ती जवळजवळ विशीतल्या पातळीवर आली. माणसे पाचच होती, हे खरे; पण ज्याला आपण ‘आता वय झाले’ म्हणतो, त्यातला किती भाग वयाचा आणि किती आरामखुर्चीचा, हा प्रश्न त्यांनी आपल्यापुढे ठेवला आहे.

म्हणून हा आकडा शेजाऱ्याच्या आकड्याशी ताडून पाहण्यासाठी नाही. जन्मतः मिळालेल्या देणगीत फरक असतोच. आपला आजचा आकडा आपल्याच सहा महिन्यांपूर्वीच्या आकड्याशी ताडावा. तो चढत असेल तर वयाकडे पाहू नये. उतरत असेल तर दंडांकडे पाहून समाधान मानू नये.