खुनी सापडला, आता पुढे?

मर्डर मिस्टरी वाचताना आपलं सगळं लक्ष ‘खुनी कोण?’ याच्याकडेच असतं, हो ना? मग अगाथा ख्रिस्तीची ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस’ (१९३४) वाचाच. बर्फात अडकलेली रेल्वे, आतून बंद कंपार्टमेंट, अंगावर बारा वार झालेलं प्रेत. आणि मेलाय कोण, तर एका लहान मुलीला पळवून, मारून कोर्टातून सहीसलामत सुटलेला माणूस! मयताबद्दल वाईट वाटतच नाही. इथेच खरी गोची आहे.

या गोष्टीमागे खरी घटना आहे. १९३२ मध्ये अमेरिकेत वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांच्या २० महिन्यांच्या मुलाचं अपहरण झालं, नंतर त्याचा मृतदेहच सापडला. पोलिसांच्या संशयामुळे एका मोलकरणीने जीव दिला; तिचा गुन्ह्याशी संबंध नव्हता. कादंबरीतही अशी एक मुलगी आहे. पुस्तक जानेवारीत आलं. लिंडबर्ग प्रकरणात ज्याच्यावर पुढे खटला चालला, तो सापडला सप्टेंबरमध्ये. म्हणजे पहिल्या वाचकांसाठी तो राग अगदी ताजा होता.

शेवट फोडत नाही, घाबरू नका! एवढंच सांगते, की डिटेक्टिव्ह पॉयरो शेवटी एक नाही, दोन उत्तरं मांडतो. पोलिसांना त्यातलं कोणतं सांगायचं? तुम्ही कोणतं सांगितलं असतं?