अंगठ्यापाशी कळ येतेय? आवरण तपासा

सायकलच्या ब्रेकची वायर बघितलीय ना? तार नळीतून सरकते. मनगटातही तसंच. स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी म्हणजे टेंडन, आणि तिच्याभोवतीची नळी म्हणजे टेंडन शीथ. आत थोडा बुळबुळीत द्रव असतो. मी इंजिनीअर, मी त्याला ग्रीस म्हणणार.

अंगठ्याच्या बाजूला अशी दोन टेंडन्स एकाच बोगद्यातून जातात. तिथलं आवरण जाड झालं की ती घासत सरकतात. बाटलीचं झाकण फिरवलं की कळ! हाच डी क्वेर्व्हेनचा आजार. त्या स्विस सर्जननं १८९५ मध्ये त्याचं वर्णन केलं, त्यामुळे सगळं खापर फोनवर फोडू नका. बाळाला सारखं उचलणाऱ्या नव्या आयांनाही तो होतो. वहिनी 'मनगट दुखतंय' म्हणाली तर हसण्यावारी नेऊ नका.

जोरात चोळून आवरण पातळ होत नाही. अंगठ्याला आराम, स्प्लिंट, नाहीच जमलं तर डॉक्टर स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात. क्वचित छोटं ऑपरेशन.

पण काटा वगैरे टोचल्यावर अख्खं बोट सुजलं, वाकलेलंच राहिलं आणि सरळ करताना जीव जातोय, तर शीथमध्ये पू झालेला असू शकतो. तेव्हा स्प्लिंट शोधत बसायचं नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं.