ओपन सोर्स: खुलं आहे, बेवारस नाही

‘गिटहबवर दिसतोय ना कोड, मग घे उचलून!’ टीममध्ये नवं आलेलं कोणी असं म्हणालं, की मी त्याला आधी रिपॉझिटरीतली लायसन्सची फाइल शोधायला लावते. लायसन्सच नसेल तर तो कोड ओपन सोर्स नाही. तो नजरेला पडतो एवढंच. हक्क लिहिणाऱ्याकडेच राहतात. एमआयटी लायसन्स असेल तर मूळ कॉपीराइटची नोंद सोबत ठेवायची, बाकी मोकळीक. जीपीएल असेल तर बदललेला प्रोग्रॅम दुसऱ्याला देताना त्याचा सोर्सही जीपीएलखालीच द्यावा लागतो. पैसे घ्यायला मात्र दोन्हींत आडकाठी नाही, त्यामुळे ‘ओपन सोर्स म्हणजे फुकट’ हेही चूकच.

‘कोणीही येऊन कोड बदलतं’ असंही नसतं. आपल्या प्रतीत हवं ते करा. मूळ प्रकल्पात बदल जातो तो मेंटेनरने स्वीकारला तरच. गिट लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५मध्ये सुरू केलं, पण त्याच वर्षीच्या जुलैपासून मेंटेनर म्हणून ते जुनिओ हमानो सांभाळतात.

सगळ्यात घातक समज म्हणजे ‘कोड सगळ्यांपुढे आहे, म्हणजे सुरक्षित आहे’. एक्सझेड हे फाइल कॉम्प्रेस करणारं साधन जवळपास प्रत्येक लिनक्सवर असतं. कित्येक वर्षं त्याचा भार मुख्यतः एकाच माणसावर होता. ‘जिया टॅन’ या नावाने कोणीतरी मदतीला आलं, दोन वर्षांहून अधिक काळ काम करून विश्वास कमावला आणि २०२४च्या सुरुवातीला ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला. घातक भाग टेस्टच्या फाइलींत दडवलेला. त्याला जागं करणारी स्क्रिप्ट गिट रिपॉझिटरीत नव्हतीच, फक्त डाउनलोडच्या टारबॉलमध्ये होती.

हे पकडलं आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसच्या डेव्हलपरने. या चोरदरवाजामुळे एसएसएचने दुसऱ्या संगणकावर लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागत होता, आणि त्याने तो अर्धा सेकंद सोडून दिला नाही. सोर्स हाताशी होता म्हणून मुळापर्यंत जाता आलं. २९ मार्चला त्याने सगळं जाहीर केलं, तेव्हा डेबियन या लिनक्सच्या स्थिर आवृत्तीत एक्सझेडच्या या दोन आवृत्त्या पोचल्या नव्हत्या.

त्यानंतर मी आमच्या प्रॉडक्टमधल्या पॅकेजांची यादी काढून बसले. प्रत्येकापुढे मेंटेनर किती, ते लिहीत गेले. ‘१’ हा आकडा फार वेळा लिहावा लागला.