पाठपिशवी, वही आणि स्मरण : पॅट्रिक ली फर्मर यांच्या पदयात्रा-त्रयीचा विचार

१

प्रवास आधी घडतो आणि प्रवासवर्णन नंतर लिहिले जाते, ही बाब इतकी उघड आहे की तिचा स्वतंत्र विचार करण्याची गरज समीक्षेला सहसा भासत नाही. प्रवास आणि लेखन यांत काही महिन्यांचे अंतर असेल, तर त्याची दखल न घेताही संहितेचा अर्थ लावता येतो. मात्र हे अंतर चार दशकांचे असेल, तर प्रवासवर्णन, आत्मचरित्र आणि कादंबरी यांच्यामधील सीमारेषा पुसट होऊ लागतात. इंग्रज लेखक पॅट्रिक ली फर्मर (१९१५-२०११) यांची युरोपच्या पदयात्रेवरील तीन पुस्तके या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहेत. पाठीवर पिशवी बांधून परक्या देशांतील जुनी नगरे आणि पर्वत पायांखाली घालण्याची हौस आज सार्वत्रिक झाली आहे. त्या हौसेतून निपजणाऱ्या लेखनाकडून वाचकाने कोणत्या प्रकारच्या सत्याची अपेक्षा करावी, हा प्रश्न या त्रयीच्या आधारे तपासता येतो.

२

डिसेंबर १९३३ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, फर्मर लंडनहून बोटीने निघाले आणि हॉलंडच्या किनाऱ्यावर उतरून चालू लागले. शाळेतून त्यांना काढून टाकण्यात आले होते, सैन्यात जाण्याचा बेत मागे पडला होता आणि लेखक होण्याची इच्छा होती. पण लिहावे असे काही हाताशी नव्हते. कॉन्स्टँटिनोपलपर्यंत पायी जायचे, एवढाच संकल्प होता. दर आठवड्याला एक पौंड या हिशेबाने घरून येणारी रक्कम वाटेवरील टपाल कचेऱ्यांत जमा होई व तेथून ती उचलावी लागे. ऱ्हाइन नदीच्या काठाने जर्मनी, पुढे डॅन्यूबच्या काठाने ऑस्ट्रिया, मग स्लोव्हाकिया, हंगेरी, ट्रान्सिल्व्हेनिया, कार्पेथियन पर्वत आणि बल्गेरिया असा मार्ग आक्रमून १९३४ च्या वर्षअखेरीस ते इष्ट स्थळी पोहोचले.

या प्रवासाचे पहिले पुस्तक 'अ टाइम ऑफ गिफ्ट्स' १९७७ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा लेखकाचे वय बासष्ट वर्षांचे होते. दुसरे पुस्तक 'बिटवीन द वुड्स अँड द वॉटर' १९८६ साली आले. तिसरे त्यांच्या हयातीत पूर्ण झाले नाही. कॉलिन थुब्रॉन आणि आर्टेमिस कूपर यांनी संपादित केलेले 'द ब्रोकन रोड' २०१३ साली, म्हणजे लेखकाच्या निधनानंतर दोन वर्षांनी, प्रसिद्ध झाले.

३

या त्रयीच्या घडणीत पाठपिशवीला जे स्थान आहे, ते केवळ सामानाचे नाही. लंडनहून निघताना घेतलेली पिशवी एका स्नेह्याकडून उसनी आणलेली होती आणि तिने पूर्वी रॉबर्ट बायरन या प्रवासलेखकाबरोबर अ‍ॅथॉस पर्वताची यात्रा केलेली होती. परंपरेचा हा वारसा फार काळ टिकला नाही. म्युनिकमधील युवकांच्या वसतिगृहातून ती पिशवी चोरीला गेली. तिच्याबरोबर पारपत्र, पैसे आणि तोवरच्या प्रवासाची वहीही गेली. ब्रिटिश वकिलातीने नवे पारपत्र आणि पाच पौंडांची उसनवारी दिली, तर शहराबाहेर राहणाऱ्या एका सरदार कुटुंबाने दुसरी पिशवी दिली. निघताना त्या घरच्या यजमानाने होरेस या लॅटिन कवीच्या काव्याची सतराव्या शतकात छापलेली एक छोटी प्रतही हाती ठेवली.

या चोरीचा वाङ्मयीन परिणाम दूरगामी ठरला. हॉलंड आणि ऱ्हाइनकाठच्या प्रदेशाविषयी लेखकाजवळ समकालीन नोंदीचा आधार उरला नाही. म्हणजेच पहिल्या पुस्तकाचा फार मोठा भाग निव्वळ स्मरणावर उभा आहे. पुढील वाटेवरची वहीही त्यांच्याजवळ राहिली नाही. रोमानियातील ज्या घरी ते काही वर्षे राहिले होते, तेथे ती १९३९ साली युद्ध सुरू झाल्यावर मागे राहिली. १९४९ मध्ये नव्या राजवटीने त्या कुटुंबाला काही मिनिटांच्या मुदतीत घराबाहेर काढले, तेव्हा बालाशा कांताकुझेन यांनी जे थोडके सामान उचलले त्यात ही वही होती. १९६५ साली ती त्यांनी लेखकाला परत केली.

दरम्यान १९६० नंतरच्या काही वर्षांत, एका अमेरिकन नियतकालिकासाठी चालण्याच्या आनंदावर छोटा लेख लिहिण्याच्या निमित्ताने, फर्मर यांनी वहीविना या प्रवासाचा एक दीर्घ मसुदा केला होता. त्यामुळे एकाच प्रवासाचे तीन थर उपलब्ध होतात : तरुणाची वही, मध्यमवयातील वेगाने लिहिलेला मसुदा आणि उतारवयातील, शब्द न् शब्द पारखून रचलेले ग्रंथ. पहिली दोन पुस्तके तिसऱ्या थरातील आहेत, तर 'द ब्रोकन रोड' मुख्यतः दुसऱ्या थरातील आहे. त्रयी सलग वाचताना शैलीचा जो फरक जाणवतो, त्याचे कारण येथे आहे.

४

या दीर्घ अंतरामुळे संहितेत दोन निवेदक वावरतात. एक चालणारा तरुण. दुसरा त्याच्याकडे पाहणारा वृद्ध. तरुणाला पुढे काय होणार हे ठाऊक नाही. वृद्धाला सर्व ठाऊक आहे. नगरांच्या वर्णनात हा ताण सर्वाधिक प्रत्ययाला येतो. तरुण जर्मनीत शिरला तेव्हा हिटलर सत्तेवर येऊन वर्षही झालेले नव्हते. ऱ्हाइनकाठच्या एका गावी पानगृहात भेटलेला एक कामगार त्याला रात्रीच्या मुक्कामासाठी आपल्या खोलीवर नेतो. खोली नाझी ध्वजांनी आणि चित्रांनी भरलेली असते. आदल्या वर्षी याच भिंतींवर लाल निशाणे आणि लेनिनची चित्रे होती, हे तो कामगार मोकळेपणाने सांगतो. प्रसंग हलक्याफुलक्या रीतीने सांगितलेला आहे. भाष्य जवळजवळ नाही. तथापि वाचकाला उत्तरार्ध माहीत असल्यामुळे त्या खोलीतील थट्टा अंगावर येते.

याच देशात परक्या वाटसरूचे आतिथ्यही घडते. गरीब भटक्या विद्यार्थ्याने गावच्या नगराध्यक्षाकडे जावे, त्याच्याकडून चिठ्ठी घ्यावी आणि ती खाणावळीत दाखवून रात्रीचे जेवण, अंथरूण आणि सकाळची न्याहारी मिळवावी, अशी जुनी चाल तेथे अद्याप शिल्लक होती. क्रौर्याची तयारी आणि आतिथ्याची परंपरा एकाच गावात नांदत असल्याचे हे चित्र आहे. उतारवयातील लेखकाने त्यांपैकी एकाच्या आधारे दुसरे खोटे ठरवलेले नाही, हा या लेखनाचा मोठा गुण होय.

यातील कितीतरी नगरे पुढे उद्ध्वस्त झाली. रॉटरडॅमचा मध्यभाग मे १९४० मधील बाँबहल्ल्यात नष्ट झाला. उल्मचे जुने शहर डिसेंबर १९४४ मध्ये भस्मसात झाले, तेथील मिन्स्टर चर्च तेवढे उभे राहिले. ज्या पुलावर पहिले पुस्तक थांबते, तो एस्टरगोमचा डॅन्यूबवरील पूल त्याच महिन्यात पाडला गेला आणि २००१ पर्यंत पुन्हा बांधला गेला नाही. वेशी, घंटाघरे आणि पानगृहे यांची लांबलचक, अलंकृत वर्णने काही वाचकांना पाल्हाळिक वाटतात. वस्तुतः जे नाहीसे झाले त्याची ती तपशीलवार मोजदाद आहे, हे ध्यानात घेतले तर त्या पाल्हाळाचे प्रयोजन उमगते.

५

पर्वतांत प्रवेश केल्यावर गद्याची चाल बदलते. कार्पेथियनमधील प्रकरणांत मेंढपाळ, गरुड, ओढे आणि रात्रीची शेकोटी यांना प्राधान्य मिळते. इतिहासाचे दाखले विरळ होतात आणि चालणारा तरुण निवेदनाचा ताबा घेतो. नगरात प्रत्येक दगडाला सनावळी असते, पर्वतात ती नसते. म्हणून तेथे वृद्ध निवेदकाला बोलण्यासारखे कमी उरते.

परंतु इतिहास तेथेही वाटसरूला गाठतोच. लाकूडतोडीच्या एका तळावर तरुणाला व्यवस्थापक असलेला ज्यू गृहस्थ, त्याचा धर्मगुरू भाऊ आणि भावाचे मुलगे भेटतात. केवळ हौसेखातर इतक्या दूर चालत येणाऱ्या मुलाचे त्यांना नवल वाटते. मग हिब्रू स्तोत्रांचे वाचन होते, उच्चारांची देवाणघेवाण होते आणि रात्र आनंदात सरते. त्या प्रदेशातील ज्यूंवर दहा वर्षांच्या आत काय ओढवले, ते वाचक जाणतो. उतारवयातील लेखकाने येथे आवाज चढवलेला नाही. त्या रात्रीचा आनंद त्याने अबाधित ठेवला आहे, आणि त्यामुळेच हानीची जाणीव तीव्र होते. दुसऱ्या पुस्तकाच्या शेवटी डॅन्यूबमधील आदा काले हे तुर्की वस्तीचे बेट येते. पुढे ते धरणाच्या पाण्याखाली गेले आणि त्याविषयीच्या शोकानेच पुस्तकाचा समारोप होतो.

६

आता मूळ प्रश्न. हे सर्व खरे कितपत मानावे? चरित्रकार आर्टेमिस कूपर यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या चरित्रातून असे दिसून आले की, काही ठिकाणी फर्मर यांनी घटनांची जुळवाजुळव केली होती. हंगेरीच्या मैदानावरील घोडदौड प्रत्यक्षात पुस्तकात आहे तेवढी नव्हती; सततच्या पायपिटीने वाचक कंटाळेल म्हणून लेखकाने स्वतःला घोड्यावर बसवले. या माहितीमुळे त्रयीचे मोल कमी होते, असे मानणाऱ्यांचा आक्षेप सहज उडवून लावण्यासारखा नाही. प्रवासवर्णन वाचकाशी एक करार करते : 'हे घडले.' तो करार मोडला तर विश्वासाला तडा जातो.

मराठीच्या अभ्यासकाला हा प्रश्न नवा नाही. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये दक्षिणा मिळवण्यासाठी उत्तरेकडे पायी निघाले, झाशीच्या वेढ्यात सापडले, लुटले गेले आणि अखेर गंगेची कावड खांद्यावर घेऊन परतले. 'माझा प्रवास' त्यांनी सुमारे पंचवीस वर्षांनंतर, चिंतामणराव वैद्य यांच्या आग्रहावरून, आठवणीने लिहिला. १९०७ साली वैद्य यांनी तो संपादून प्रसिद्ध केला आणि १९६६ साली दत्तो वामन पोतदार यांनी मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती काढली. तेथेही तारखा व तपशील तपासावे लागतात. तरीही झाशीच्या गल्ल्यांतील भयाचा अनुभव देण्याचे त्या पुस्तकाचे सामर्थ्य तपासणीनंतर उणावत नाही. दोन्ही लेखकांच्या बाबतीत घटनेचे सत्य आणि अनुभवाचे सत्य वेगवेगळ्या कसोट्यांवर घासावे लागते. एका कसोटीचा निकाल दुसरीवर लादणे युक्त नाही. पण पहिली कसोटी टाळणेही युक्त नाही.

७

'द ब्रोकन रोड'चे मुख्य निवेदन काळ्या समुद्रावरील बुर्गासच्या अलीकडे, वाक्य अर्धे असतानाच थांबते. ज्या कॉन्स्टँटिनोपलसाठी हा सारा खटाटोप झाला, त्याविषयी वहीतील त्रोटक नोंदींपलीकडे काही नाही. वही हाती आल्यानंतरही ती आणि जुना मसुदा यांचा एकजीव ग्रंथ लेखकाकडून अखेरपर्यंत होऊ शकला नाही. स्मरणाने हरवलेल्या वहीची जागा भरून काढली. पण सापडलेल्या वहीशी स्मरणाची तडजोड झाली नाही. पायी चालून जाणारा प्रवासी गावी पोहोचतो. त्याच वाटेने पुन्हा निघालेला लेखक पोहोचेलच असे नाही. त्रयीचे हे अपुरेपण म्हणूनच केवळ संपादकीय अडचण ठरत नाही. प्रवास आणि त्याचे लेखन ही दोन भिन्न मार्गक्रमणे आहेत, हे ते अपुरेपण स्पष्ट करते. प्रवासवर्णनाची समीक्षा करताना दुसऱ्या मार्गक्रमणाचाही नकाशा काढला पाहिजे.